नालेसफाईचा हिशेब जाहीरनाम्यात हवा

महोदय,

महापालिकेच्या प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकात ‘खड्डेमुक्त रस्ते’ आणि ‘पाणी तुंबणार नाही’ ही आश्वासने असतात. कसे, ते मात्र नसते. नाल्यातला गाळ निथळण्यासाठी काठावर ठेवतात, ते ठीक. पण तो वेळेत उचलला नाही तर वळवाच्या पहिल्याच जोरदार सरीत पुन्हा नाल्यात जातो. बिल वजनावर निघत असेल तर ओला गाळ आणि राडारोडा भरून वजन फुगवता येते. म्हणून डंपरच्या वजनपावत्या आणि सफाईआधीचे व नंतरचे फोटो प्रभाग कार्यालयाबाहेर लावू, असे वचन उमेदवाराने लेखी द्यावे.

रस्त्यांचेही तसेच. जलवाहिनीसाठी खोदलेला चर एकदम मातीने भरून वर डांबर टाकले की पावसात खचणारच. १५-२० सेंटिमीटरचा थर, त्यावर पाणी, मग दबाई. असे थरावर थर भरल्यावरच खडी आणि डांबर. हे न तपासता ठेकेदाराचे बिल मंजूर होऊ नये.

मुंबईबाहेरच्या बहुतेक महापालिकांत एका प्रभागात चार नगरसेवक असतात. त्यातला नेमका कोण या कामांवर लक्ष ठेवणार, हे मतदारांनी आताच, प्रचारफेरी दारात आली असताना विचारावे.

— एक करदाता, नाशिक