माळ्याच्या पगारात केलेली बचत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'द हंड्रेड' या इंग्लंडच्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेतल्या ओव्हलच्या संघाचा ४९ टक्के हिस्सा मुंबईच्या रिलायन्सने घेतला, संघाचे नाव 'एमआय लंडन' झाले, आणि इंग्लंडच्या क्रिकेटमधल्या पैशाची चर्चा आपल्याकडेही रंगू लागली. आठ संघांतल्या हिस्सेविक्रीतून ५० कोटी पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच इंग्लंडमध्ये सार्वजनिक बागांतली क्रिकेटची साधी मैदाने मात्र गेली पंधरा वर्षे झिजत आहेत. त्याचे कारण क्रिकेटपेक्षा सरकारी अंदाजपत्रकात अधिक सापडते.

२०१० मध्ये पंतप्रधान कॅमेरून आणि उपपंतप्रधान क्लेग यांच्या आघाडी सरकारचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी तूट कमी करण्यासाठी मोठी खर्चकपात सुरू केली. आरोग्यसेवेला हात लावायचा नाही असे आधीच ठरले होते, त्यामुळे इतरांवर, विशेषतः काउन्सिलांवर, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांवर, कुऱ्हाड जास्त जोरात पडली. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या हिशेबाप्रमाणे २०१०-११ ते २०१७-१८ या काळात काउन्सिलांना केंद्राकडून मिळणारा निधी, महागाई जमेस धरता, जवळपास निम्म्यावर आला. काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, मनाला येईल तसा वाढवता येत नाही. अलीकडच्या वर्षांत बहुतेक मोठ्या काउन्सिलांना वर्षाला ५ टक्क्यांच्या आतच राहावे लागते, त्यापुढे जायचे तर सार्वमत. वृद्धांची देखभाल, मुलांचे संरक्षण, बेघरांचा निवारा ही कायद्याने बंधनकारक कामे आहेत आणि त्यांचा खर्च दरवर्षी वाढतो. बागा आणि मैदाने राखणे बंधनकारक नाही. मग काउन्सिल कोणत्याही पक्षाचे असो, कात्री कुठे चालणार हे ठरलेलेच. एजबॅस्टन ज्या शहरात आहे त्या बर्मिंगहॅमच्या काउन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये 'कलम ११४'ची नोटीस काढली, म्हणजे बंधनकारक कामांपलीकडचा नवा खर्च बंद. समान वेतनाचे जुने दावे आणि फसलेली संगणकप्रणाली हीही तिथली कारणे होती, हे मान्य करायला हवे. त्याच वर्षी नोव्हेंबरात नॉटिंगहॅमवरही तीच वेळ आली.

आता मैदानाकडे येऊ. मुंबईत खेळपट्टी उन्हाने वाळते. इंग्लंडच्या गार, दमट हवेत वरून कोरडी दिसणारी माती चार इंच खाली ओलीच असते, आणि ती ओल खेचून काढण्याचे काम राय गवताची मुळे करतात. मुळे उथळ राहिली तर खेळपट्टी कधीच कडक होत नाही. ही मुळे जपण्याचे खरे काम हंगाम संपल्यावर सुरू होते, आणि त्याला सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य एवढेच दिवस मिळतात, कारण त्यानंतर जमीन थंड पडते आणि बी नीट उगवत नाही. गवताच्या बुडाशी साचलेला मेलेला थर यंत्राने खरवडायचा, चौरस मीटरला साधारण ३५ ग्रॅम बी पेरायचे आणि वर चिकणमाती पसरायची. २२ यार्ड लांब, १० फूट रुंद अशा एका पट्टीला २५ किलोच्या सहा ते आठ गोण्या, म्हणजे मैदानाच्या मध्यातल्या दहा पट्ट्यांच्या चौकाला दीड-दोन टन माती लागते. खाली आहे त्याच जातीची माती वर हवी. चिकणाचे प्रमाण वेगळे असलेली स्वस्तातली माती टाकली की दोन थर एकजीव होत नाहीत, मधे फट धरते, मुळे तिथेच अडतात, आणि एक चेंडू घोट्याशी राहतो तर पुढचा हनुवटीशी येतो. बागेतल्या मैदानांवरचे असे उसळते चेंडू बहुतेक वेळा काही वर्षांपूर्वीच्या चुकीच्या गोण्यांतून आलेले असतात.

पुढे पावसाने जमीन भिजली की १० सेंटीमीटरपर्यंत भोके पाडायची. मार्चमध्ये हलक्या रोलरने सुरुवात करून वजन एक टनापर्यंत न्यायचे. रोलर केव्हा फिरवायचा हे अंगठ्याने माती दाबून ठरते: फार ओली असेल तर पृष्ठभाग लाटेसारखा पुढे सरकतो, फार कोरडी असेल तर डिझेल फुकट जाते. सामन्याच्या पट्टीची तयारी दहा-बारा दिवस आधी सुरू होते. पाणी द्यायचे, संथपणे रोलर फिरवायचा, गवत टप्प्याटप्प्याने ५ मिलिमीटरच्या आसपास आणायचे.

हे सगळे ज्याच्या हाती असते त्याला तिथे ग्राउंड्समन म्हणतात, आपल्याकडे माळी. हे पद रद्द केले की कागदावर एक पगार वाचतो. त्याच्या जागी येणारा कंत्राटदार ठरलेल्या फेऱ्या मारून बागेबरोबर चौकही कापतो, तोही पाते गरगर फिरवणाऱ्या यंत्राने. चौकाला सिलिंडरचेच यंत्र लागते, कारण ते कात्रीसारखे कापते. दुसरे गवताची टोके फाडते. एक शरद चुकला तर पुढच्या उन्हाळ्यात चेंडू मंद आणि खाली राहतो. लागोपाठ तीन-चार चुकले की खरवडून भागत नाही, वरचा थर काढून चौक नव्याने बांधावा लागतो आणि तोवर तिथला खेळ बंद.

कॅमेरून यांचा यावरचा उपाय म्हणजे 'बिग सोसायटी': काउन्सिलने मैदान क्लबकडे सोपवावे. मोठ्या क्लबांनी ते निभावले. पण दोनच संघ असलेल्या क्लबच्या गळ्यात भाडेपट्ट्याबरोबर पॅव्हेलियनचे गळके छप्पर, विमा आणि रोलरची दुरुस्तीही पडते. बागेतल्या पट्टीवर खेळणाऱ्या कित्येक संघांची तर क्लब म्हणून नोंदच नसते. ते काउन्सिलला एका सामन्याचे भाडे देतात आणि खेळतात. अशा संघांत भारतीय उपखंडातून गेलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत, त्यात मराठीही आहेत. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाच्या २०१८ च्या आराखड्यात हौशी खेळाडूंत दक्षिण आशियाई वंशाचे ३० टक्के आणि काउंटीच्या व्यावसायिकांत अवघे ४ टक्के असा आकडा होता. सार्वजनिक मैदान नासते तेव्हा ही दरी आणखी रुंदावते.

शाळांचीही तीच गत. शाळांना खेळांसाठी एकत्र जोडणाऱ्या योजनेचे वर्षाचे १६.२ कोटी पौंड शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी २०१० मध्येच थांबवले, ओरड झाल्यावर थोडे परत दिले. खासगी शाळांत मात्र मैदान, माळी, प्रशिक्षक सगळे जागेवर. देशातली ७ टक्के मुले या शाळांत जातात आणि २०१९ च्या पाहणीत इंग्लंडच्या पुरुष क्रिकेटपटूंपैकी ४३ टक्के याच शाळांतून आलेले आढळले.

पंतप्रधानांना क्रिकेटचे प्रेम नव्हते असे नाही. जॉन मेजर १९९७ ची निवडणूक हरल्यावर दुसऱ्या दिवशी ओव्हलवर सामना पाहायला गेले, थेरेसा मे यांनी जेफ्री बॉयकॉटना 'सर' केले. ऋषी सुनक यांनी एप्रिल २०२४ मध्ये ३.५ कोटी पौंड आणि बारमाही सरावाचे १६ घुमट जाहीर केले. मजूर पक्षाच्या सरकारने ती योजना गुंडाळून लुटन आणि फॅरिंग्टनच्या घुमटांसाठी १५ लाख पौंड दिले. मला दोन्ही निर्णयांत एकच खोट दिसते. घुमट हा एकरकमी भांडवली खर्च, त्याचे उद्घाटन करता येते. माळ्याचा पगार हा चालू खर्च, तो दर महिन्याला द्यावा लागतो, आणि अनुदानाच्या अटींत बहुधा तोच बसत नाही. कृत्रिम पट्टीही आपोआप टिकत नाही. ती झाडावी लागते, शेवाळ काढावे लागते, आणि साधारण दहा-बारा वर्षांत वरचा गालिचा बदलावा लागतो.

हंड्रेडच्या विक्रीतला सुमारे १० टक्के हिस्सा हौशी क्रिकेटसाठी ठेवला आहे. त्यातला निदान अर्धा भाग पाच वर्षांच्या पगारांसाठी बांधून द्यावा. शेजारच्या तीन-चार काउन्सिलांनी मिळून एक कुशल ग्राउंड्समन, एक साहाय्यक, ट्रेलरवरून नेता येणारा रोलर आणि खरवडण्याचे यंत्र ठेवले तर एका शरदात दहा-बारा चौक होऊ शकतात. कंत्राटात कापणीच्या फेऱ्यांऐवजी मातीची जात, गोण्यांची संख्या आणि पेरणीची तारीख लिहावी. मुंबईतून गुंतवणूक करणाऱ्यांनीही मंडळापुढे हाच आग्रह धरावा. आझाद मैदानावर २२ पट्ट्या एकमेकींना खेटून आहेत आणि क्लबांचे माळी त्या रोज राखतात, हे त्यांना दुसऱ्या कोणी समजावून सांगायला नको. आणि पैसे द्यायचे तर ऑगस्टच्या आत द्यावेत. नोव्हेंबरात मंजूर झालेल्या रकमेने त्या वर्षी गवताचे एक पातेही उगवणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक, लंडन