धुराचं आभाळ, दुधाचं पाणी

सॅन फ्रान्सिस्को
१३ सप्टेंबर २०२०

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. करोनामुळे बंद असलेली गोव्याची सीमा १ तारखेला खुली झाली, म्हणजे आई आता सावंतवाडीहून वाळपईला पोचली असेल. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी कोणी बांधली, नेवऱ्या कोणी केल्या आणि त्या कशा बिघडल्या, हे सगळं तिच्याच तोंडून ऐकायचं आहे. हे पत्र वाचून झालं की ताईलाही पाठव. तिची मुलंही तिकडे मोबाइलवरच शाळा करतायत.

तू आगींचं विचारलं होतंस. आग आमच्यापासून लांब आहे, धूर मात्र घरात शिरतोय. ऑगस्टच्या मध्यावर इथे पाऊस न पडता नुसत्या विजा पडल्या. त्यातून कॅलिफोर्नियाभर वणवे पेटले ते अजून जळतायत. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावून बसलोय. करोनासाठी म्हणतात खिडक्या उघडा, धुरासाठी म्हणतात बंद करा. कोणाचं ऐकायचं ते ज्याने त्याने ठरवायचं!

पण बुधवारी, ९ तारखेला, जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. सकाळ झालीच नाही. आभाळ गडद नारिंगी, रस्त्यावरचे दिवे दिवसाढवळ्या चालू, गाड्या हेडलाइट लावून चाललेल्या. फोटो काढला तर फोनला ते पटेना. तो आपला रंग सुधारून सगळं राखाडी करून दाखवायचा. म्हणून तुम्हाला पाठवलेला फोटो इतका मिळमिळीत दिसतो. नवल म्हणजे त्या दिवशी धुराचा वास फारसा नव्हता. धूर वर होता आणि खाली समुद्रावरून आलेलं धुकं. धुक्याच्या त्या थराने धुराला खाली उतरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उतरला तो, आणि तेव्हापासून घसे धरलेत.

तुझ्या भाचीने विचारलं, "सूर्य बिघडला का?" एरवी असा प्रश्न आला की मी तिला एक्सप्लोरेटोरियममध्ये घेऊन जायची. इथल्या बंदराच्या १५ नंबरच्या धक्क्यावरचं ते विज्ञान संग्रहालय. तू आला होतास तेव्हा आपण गेलो होतो, आणि निघायची वेळ झाली तरी तू आरशांपुढून हलत नव्हतास. तिथली प्रत्येक वस्तू हात लावून, फिरवून, ओढून बघण्यासाठीच केलेली. आणि हा आजार आला तो "कशाला हात लावू नका" म्हणत. काचेच्या पेटीतल्या मूर्ती दाखवणाऱ्या संग्रहालयाला एक वेळ अंतर ठेवून लोक आत घेता येतील, पण जिथे एकाने सोडलेला दांडा लगेच दुसरा पकडतो तिथे काय करणार? मार्चपासून दार बंद आहे. मिरामारचं आपलं विज्ञान केंद्रही तसंच पडून असेल. यंदा तुझ्या शाळेची सहल गेली नाही, याचं तुझ्या पोरांना किती वाईट वाटलं असेल ते मला कळतं.

तर त्या दिवशी तिच्या प्रश्नाला उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. एक्सप्लोरेटोरियमकडे वर्षानुवर्षं जमवलेले छोटे प्रयोग आहेत. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या शिक्षकांनी तिथल्या मोठ्या यंत्रांच्या घरगुती आवृत्त्या केल्या, पुठ्ठा, दोरा, बाटल्या असलं सामान वापरून. त्या सगळ्यांसाठी फुकट मोकळ्या आहेत, आणि दार बंद झाल्यावर घरोघरी त्याच कामी आल्या. आम्ही केला तो असा: उंच काचेच्या पेल्यात पाणी घ्यायचं, त्यात दुधाचे चार थेंब टाकून ढवळायचं, खोली काळोखी करायची आणि पेल्याच्या एका बाजूला टॉर्च लावायची. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसतं, आणि टॉर्चच्या समोरून, आरपार पाहिलं तर दिवा पिवळट. दूध थेंबाथेंबाने वाढवत गेलं की पिवळ्याचा नारिंगी होतो. दुधातले बारीक कण निळा प्रकाश बाजूला उधळतात. तांबडा-पिवळा तेवढा सरळ पुढे जातो. आभाळातल्या धुराच्या कणांनी तेच केलं, निळा उधळला, काही गिळलाही. पोरीने स्वतःच आणखी दूध ओतलं, इतकं की पलीकडचा दिवाच दिसेनासा झाला. मग म्हणाली, "म्हणजे धूर अजून वाढला तर रात्रच होईल." हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आता तुझ्या कामाचं. या सहा महिन्यांत जगभरच्या संग्रहालयांनी खूप काही पडद्यावर आणलं. मार्चमध्ये शिकागोच्या शेड मत्स्यालयाने रिकाम्या दालनांतून पेंग्विन फिरायला सोडले, ती चित्रफीत तूच मला पाठवली होतीस. इथल्या ओकलंडच्या चॅबो केंद्राचे खगोलवाले दुर्बिणीतून दिसणारं आभाळ थेट घरी दाखवतात, ते मीही बघते. पण खरं सांगू? दिवसभर शाळेसाठी पडद्यापुढे बसलेल्या पोराला संध्याकाळी विज्ञानासाठी पुन्हा पडद्यापुढे बसवणं मला पटत नाही. आणि तुझ्या शाळेतल्या पोरांना तर तो पडदाही नाही. गोव्यात सत्तरीत, सांग्यात मुलं रेंजसाठी डोंगर चढतात हे मी इथे बातम्यांत वाचलं. जूनमध्ये सत्तरीतल्या मोर्ल्यात करोनाची साथ आली तेव्हा तर तिथल्या पोरांना तेही जमलं नसेल. त्यांना चित्रफितीचा दुवा पाठवून काय उपयोग?

इथेही सगळ्यांकडे इंटरनेट नाही. शाळा बंद असल्या तरी मुलांचं जेवण ठरलेल्या ठिकाणी मिळतं, पालक येऊन घेऊन जातात. काही गावांत संग्रहालयांनी त्या जेवणासोबतच प्रयोगाच्या सामानाच्या पिशव्या दिल्या. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. तूच म्हणाला होतास की माध्यान्ह आहाराऐवजी आलेलं धान्य न्यायला पालक शाळेत येतात. मग त्याच हातात घरी करायचा प्रयोग लिहिलेला एक कागद दे ना!

एक्सप्लोरेटोरियम १९६९ मध्ये काढलं ते फ्रँक ओपनहायमरने, अणुबॉम्बवाल्या रॉबर्टच्या धाकट्या भावाने. पूर्वी कम्युनिस्ट पक्षात होता म्हणून १९४९ मध्ये त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. मग कोलोरॅडोत त्याने गुरं पाळली आणि पुढे तिथल्याच गावच्या शाळेत शिकवू लागला. पोरांना भंगाराच्या अड्ड्यावर न्यायचा, मोडक्या गाड्यांचे भाग काढून त्यांच्यावर भौतिकशास्त्र शिकवायचा. तुझं त्याच्याशी जमलं असतं. वहिनीने तुझं भंगार कितीदा फेकलं, ते मला माहीत आहे.

पहिल्या कागदासाठी माझ्या मनात हळद आहे. हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवायचा. त्यावर विड्याच्या चुन्याच्या निवळीने काडीने लिहायचं, अक्षरं लाल उमटतात. आजी हळदीत चुना मिसळून कुंकू करायची ते हेच. मग त्याच अक्षरांवर लिंबू किंवा आमसुलाचं पाणी टाकायचं, लाल जाऊन पुन्हा पिवळं. साबणाचं पाणी चालतं, पण कपडे धुवायच्या वडीचं घ्यायचं. बाटलीतल्या पातळ साबणाने मी करून पाहिलं, रंग धड बदलला नाही. राखेचं पाणी, ताक, चुलीवरचं काय काय, ते पोरांनी आपापल्या घरी शोधावं. यादी आपण द्यायचीच नाही. फक्त चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, आणि मोठं माणूस जवळ असू दे, एवढं ठळक लिही.

असे आठ-दहा कागद मी मराठीत लिहून देते. तू वाचून बघ, माझी भाषा आता पुस्तकी झाली असेल तर सरळ काट मार. तुमच्या भागात ज्या वस्तूला जे नाव आहे तेच घाल. झेरॉक्सचे पैसे मी पाठवते, त्यावर वाद नको. दुधाचा प्रयोग ठेवायचा का ते तूच ठरव, कारण टॉर्च सगळ्यांकडे असते का, आणि चहाला दूध पुरत नाही त्या घरी ते पाण्यात ओता म्हणणं मला बरं वाटत नाही. दुधाऐवजी तांदूळ धुतलेलं पाणी चालतं का ते आज रात्री करून बघते आणि फोनवर सांगते.

आईला सांग, मास्क लावूनच बाजारात जा. जाऊच नकोस म्हटलं तर ती ऐकणार नाही.

तुझी,
बाय