कृतघ्न नव्हेत, बाबा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "युरोपने एवढा पैसा ओतला, तरी तुमच्या त्या वेल्समधल्या लोकांनी त्यालाच लाथ मारली. कृतघ्नच म्हणायचे!" तेव्हा मी हो-नाही करून विषय टाळला, पण ते डोक्यातून जाईना.

इथला एब्बू व्हेलचा पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद पडला. दरडोई उत्पादन युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असेल त्या भागाला युरोपियन युनियन सगळ्यात जास्त विकासनिधी द्यायची. त्यात दक्षिण वेल्समधली ही आमची डोंगरखोरी बसली. पश्चिम वेल्स आणि ही खोरी मिळून २००० पासून ४ अब्ज पौंडांहून जास्त आले. रस्ते रुंद झाले, १९६२ पासून बंद असलेली प्रवासी रेल्वे २००८ मध्ये परत सुरू झाली. जागोजागी 'हे काम युरोपच्या पैशातून झालं' सांगणारे, युनियनच्या झेंड्याचे बारा ताऱ्यांचे निळे फलक लागले. आणि ब्रिटनने युनियनमध्ये राहायचं की नाही, या २०१६ च्या मतदानात या ब्लायनाउ ग्वेंट भागातल्या ६२ टक्के लोकांनी 'बाहेर पडा' म्हटलं. अख्ख्या वेल्समध्ये सगळ्यात जास्त!

माझ्याकडे गुडघ्याच्या व्यायामाला एक आजोबा येतात, जन्म कारखान्यात गेलेला. मी रेल्वेचं कौतुक केलं तर म्हणाले, "छान आहे की. तिच्यातच बसून पोरगा कार्डिफला नोकरीला गेला, तो तिकडचाच झाला." राग नव्हता हो, नुसता हिशोब सांगत होते. मला तर वाटतं, तो निळा फलक म्हणजे 'तुम्ही मागासलेले आहात' असा चौकात लावलेला दाखलाच. तो रोज वाचून कोणाला आपलेपणा वाटेल?

याउलट आमच्याकडची पोलिश नर्स. तिच्या लुब्लिनकडेही असे फलक भरपूर आहेत, पण त्यांच्याबद्दल ती कधी बोलत नाही. २००४ मध्ये पोलंड युनियनमध्ये आला आणि व्हिसाबिसा न काढता ती इकडे कामाला आली, ते मात्र अजून रंगवून सांगते. स्वतःला बिनदिक्कत युरोपियन म्हणवते. ब्रेक्झिटनंतर इथे राहण्यासाठी अर्ज करावा लागला, तेव्हा चार दिवस धुसफुसत होती. आजोबांना मात्र तसं कुठे जायचंच नव्हतं.

तुम्हीच आठवा ना. दांडेकर समितीने विदर्भाचा अनुशेष कोटींत मोजला, १९९४ मध्ये विकास मंडळंही आली. त्या पैशांनी अमरावतीत किती जणांचं मुंबईवरचं प्रेम वाढलं? तुमचं तर नाहीच वाढलं, मंत्रालयाचं नाव काढलं की अजून भडकता!

आई, मेतकूट मिळालं. गोडा मसाला पुढच्या खेपेला थोडा जास्त पाठव, नर्सबाईंनाही चटक लागलीय.

बाबा, तुम्ही यावर वाद घालणार हे ठाऊक आहे. रविवारी खुशाल घाला, फक्त आधी दहा मिनिटं फोन आईकडे द्या.

तुमची,
सोनू