आठवं पायदान की नववं?

ठाणे (प.)
रविवार, श्रावणातली संध्याकाळ

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. चार दिवसांपूर्वी फोन झाला असतानाही पत्र कसलं, असं म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस आणि मागून वहिनींची ताटं मांडल्याची हाक येते. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

माळा आवरताना कॅसेटींनी भरलेला बुटांचा खोका सापडला म्हणालास. २०२१ च्या पुरात खालचं सगळं गेलं आणि माळ्यावरचं हे भंगार तेवढं वाचलं, असंही म्हणालास. मी "बरं बरं" म्हणून फोन ठेवला खरा, पण रात्री अडीचला उठून बसलो. त्या खोक्यात निळ्या पेनाने 'बि. गी.', म्हणजे आपली बुधवारची बिनाका गीतमाला, असं लिहिलेली एक साठ मिनिटांची कॅसेट असायला हवी. तुझ्या मामांनी मस्कतहून टू-इन-वन आणला त्या पावसाळ्यात आपण भरलेली. आहे का बघ. का बघ, ते सांगतो, पण मला आधी अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

आमचा नीलेश ओहायोत असतो ते तुला माहीत आहे. मागच्या वर्षी एका शनिवारी त्याने गाडीतून फोन केला, तर मागे रेडिओवर एक बुवा गाण्यांचे आकडे सांगत होता. छत्तीस, पस्तीस, चौतीस. इंग्रजी मला अर्धंच कळत होतं, पण सुध्या, तो सूर! एखादी गोष्ट सांगायला घ्यायची, गायकाचं नाव ओठावर आणून ठेवायचं आणि नेमकी तिथे जाहिरात. मी नीलेशला म्हटलं, तू गप्प बस, तो काय म्हणतोय ते ऐकू दे.

त्या बुवाचं नाव केसी केसम. कार्यक्रम 'अमेरिकन टॉप ४०'. १९७० च्या जुलैत सुरू झाला, 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या यादीतली चाळीस गाणी उलट्या क्रमाने, तीन तास. पुढे गाणी लांबत गेली, चाळीस काही तीन तासांत मावेनात, म्हणून १९७८ च्या ऑक्टोबरपासून चार तास केले. केसम १५ जून २०१४ ला वारला. पण त्याचे सत्तर आणि ऐंशीच्या दशकातले जुने कार्यक्रम तिकडची स्टेशनं आजही दर शनिवार-रविवारी लावतात, तेसुद्धा साधारण त्याच तारखेच्या आसपासचा आठवडा निवडून. म्हणजे आज ऑगस्ट असेल तर ऑगस्टच, फक्त साल १९७३ किंवा १९८१. बरीच स्टेशनं भारतातून उघडत नाहीत. नीलेशने एका लहानशा गावातलं शोधून दिलंय, ते उघडतं. तिकडे सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरात ते लोक घड्याळ मागे घेतात, मग साडेसहा. आमच्याकडे शनिवारी साडेपाचला आता कुणी येत नाही. येऊन गेलेल्यांनी बाहेर सांगितलंय.

आता गंमत ऐक. केसमचं पूर्ण नाव काय, तर केमाल अमीन केसम. आईवडील लेबनॉनी, जन्म डेट्रॉइटचा, २७ एप्रिल १९३२. आणि आपले गीतमालेवाले अमीन सायानी मुंबईचे, २१ डिसेंबर १९३२. एकाच वर्षातले दोन अमीन! मी हे कचराळी तलावावर आमच्या सकाळच्या मंडळींना सांगितलं, तर एकजण म्हणाला, अव्या, तू रिटायर झाल्यापासून वाया गेलास.

त्या मंडळींत ह्यावरून आता दोन पक्ष पडलेत. एक पक्ष म्हणतो, जुने कार्यक्रम हवेत कशाला, सगळी गाणी फोनमध्ये आहेत आणि गीतमाला हवीच असेल तर जुनी गाणी भरून मिळणाऱ्या त्या 'कारवाँ' पेटीवर सायानींच्या आवाजासकट आहेच. माझ्याकडेही कारवाँ आहे, सुनेने दिलेला. रोज लावतो. आवाज तोच, आदब तीच. पण ती मागे वळून सांगितलेली गीतमाला आहे. वर्षाच्या शेवटी जी गाणी वर आली, ती. त्यात सायानींना सगळं आधीच माहीत आहे. कुठलं गाणं टिकणार, कोण मोठा होणार. बुधवारी रात्री आठ वाजता त्यांना ते माहीत नव्हतं, आणि आपल्यालाही नव्हतं. त्या तासाची मजा ह्या माहीत नसण्यात होती.

परवाचंच घे. १९७८ च्या उन्हाळ्यातला आठवडा लागला होता. बोनी एमचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' येणार म्हणून मी तयारीत बसलो. आपल्याकडे त्या गाण्याने काय धुमाकूळ घातला होता आठव. लग्नाच्या बँडवालेसुद्धा वाजवायचे. मला वाटलं पहिल्या पाचात तरी असेल. पहिल्याच तासात आलं नि गेलं! मग शोधून पाहिलं, तर अमेरिकेत ते तिसाव्या जागेच्या वर कधी चढलंच नाही. आणि 'आबा' हा बँड, ज्यांच्या कॅसेटसाठी तू मामांना तीन पत्रं लिहिली होतीस, त्यांचं तिकडे पहिल्या नंबरावर गेलेलं गाणं एकच, 'डान्सिंग क्वीन', १९७७ चं. त्याच चाळिसांत अशीही गाणी होती जी पुढे कुणालाच आठवली नाहीत. केसम मात्र त्यांच्याविषयी तितक्याच प्रेमाने बोलतो. निवडक गाण्यांच्या पेटीत ही बिचारी कधी सापडायची नाहीत. आणि खरा आठवडा त्यांनीच तर भरलेला असतो.

तिकडचे शौकीनही आपल्यासारखेच किडे. काही स्टेशनं चार तासांतला पहिला तासच गाळतात, म्हणून त्यांचा जीव जातो. मूळ कार्यक्रम एलपी तबकड्यांवर दाबून स्टेशनांना पाठवायचे, प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास. त्यामुळे कुणाकडे कुठली तबकडी उरली, कुठल्या आठवड्यात कुठल्या गाण्याचं कडवं कापलंय, ह्याचा हिशोब ठेवणारी माणसं आहेत. १९८५ साली केसमला एका उडत्या गाण्यानंतर लगेच कुणाच्या तरी मेलेल्या कुत्र्याचं पत्र वाचायला लावलं आणि तो स्टुडिओत असा भडकला की विचारू नकोस. ती फीत बाहेर फुटली. गोड आवाजाचा माणूस काय काय बोलू शकतो ते ऐकण्यासारखं आहे. वहिनी घरात नसताना ऐक.

आपल्या गीतमालेचा प्रवास मात्र तबकडीपेक्षा भारी. मला हे फार उशिरा कळलं. सायानी बोलायचे मुंबईत, आपल्यापासून लोकलने तासाभरावर. ती फीत विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लघुलहरींवर समुद्र ओलांडून नौपाड्यात आपल्या चाळीत यायची. हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर आकाशवाणीवर सिनेसंगीत नको असं ठरवणारे मंत्री आपलेच, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ मध्ये त्यांनी सिनेगीतांना दार लावलं आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. केसकरांचे आभार मानायला हवेत, दुसरं काय. विविध भारती यायला १९५७ उजाडलं आणि गीतमाला तिथे आली ती थेट १९८९ मध्ये. तोवर तू चिपळूणला आणि मी बेलापूर रोडच्या कंपनीत शिफ्ट ड्यूटीला.

आमच्या रेडिओला एरियल म्हणून खिडकीच्या वर त्या तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली होती. पावसात आवाज लाटेसारखा यायचा, फुगायचा, मग खाली बसायचा, आणि नेमका "बहनो और भाइयो" म्हणताना बसायचा. बाबांचं तुला आठवतच असेल. पावणेनऊच्या हिंदी बातम्या म्हणजे बातम्या. आठ पंचेचाळीसला सुई सिलोनवरून उचलली जायची, मग वर पाच नंबर असो की पहिला. त्यांच्याशी वाद नव्हता. मी वही बनियनच्या आत घालून तुमच्या खोलीकडे धावायचो. त्या शंभर पानी वहीत प्रत्येक बुधवारी सोळा ओळी, वरच्या अकराएक माझ्या अक्षरात, खालच्या तुझ्या कोंबडीच्या पायांत, कारण मी धापा टाकत असायचो. जुलै-ऑगस्टच्या पानांवर खालच्या ओळींची शाई पसरलेली. चाळ पाडली तेव्हा वही रद्दीत गेली. मी घरी नव्हतो. असतो तर गेली नसती.

आता मुद्द्यावर येतो. त्या कॅसेटवरून आपलं भांडण झालं होतं ते तू विसरला असशील, मी नाही. ते गाणं आठव्या पायदानावर, म्हणजे आठव्या नंबरावर, होतं असं तुझं म्हणणं, नववं असं माझं. कुठलं गाणं ते इथे लिहीत नाही, नाहीतर पत्र अर्धवट टाकून फोन करशील. कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. साडेआठला खटका उडाला, तू बाजू उलटत होतास, मी पेन शोधत होतो, आणि त्याच पाच-सहा सेकंदांत सायानींनी नंबर सांगून टाकला. दुसरी बाजू सुरू होते ती थेट गाण्याच्या पहिल्या ओळीपासून. म्हणून कॅसेटने काही ठरत नाही असं आपण तेव्हा म्हटलं आणि तू ती मामांच्या सामानात टाकलीस.

पण अरे, आपण बैल होतो! केसमचे कार्यक्रम ऐकताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकदा मधलेच नंबर ऐकू आले नाहीत, तर मी शेवटून मोजत मागे गेलो. पहिला, दुसरा, तिसरा. तसंच आपलं. दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐकायची आणि पहिल्या पायदानापासून उलटं मोजत यायचं. मध्ये एखादं बरोबरीचं गाणं किंवा बिगुल वाजवून निरोप दिलेलं सरताज गीत असेल तर ते सायानी सांगतातच, ते वेगळं धर. चाळीसेक वर्षं आपण पाच सेकंदांसाठी रडत होतो आणि उत्तर पंचवीस मिनिटं पुढे पडलेलं होतं.

आणखी एक बघ. लेबलवर तारीख नाही. पावसाळा नक्की, कारण मागे पन्हळीचा आवाज होता, पण १९८० चा जुलै की त्यानंतरचा ऑगस्ट-सप्टेंबर, ते मला आठवत नाही. रफीसाहेब ३१ जुलैला गेले, गुरुवारी रात्री. म्हणजे आदल्याच रात्री गीतमाला होऊन गेली होती. त्या बुधवारच्या कार्यक्रमात रफी हा रोजच्यासारखा एक गायक असणार, पुढच्या महिन्यात नवी गाणी घेऊन येणारा. आपली कॅसेट त्याच बुधवारची असेल असं मी म्हणत नाही, एवढं नशीब आपलं नाही. पण सायानी त्यांचं नाव कसं घेतात ते ऐक. सहज घेतात की थोडं थांबून? त्यावरून तारीख अलीकडची की पलीकडची ते समजेल. सायानीसुद्धा गेले आता, २० फेब्रुवारी २०२४ ला. त्या दिवशी तू फोन केला होतास आणि आपण दोघंही दुसरंच काहीतरी बोलत बसलो, गॅसच्या सिलिंडरबद्दल की काय.

कॅसेट सापडली तर लगेच वाजवू नकोस, हात जोडतो. आधी उन्हात नव्हे, सावलीत दोन दिवस उघडी ठेव. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर तशीच पिशवीत घालून माझ्याकडे आण. आमच्या राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीत एक जुना मेकॅनिक अजून टेपरेकॉर्डर उघडतो. बुरशी नसेल तर पेन्सिल घालून हाताने एकदा पूर्ण गुंडाळ, सैल करून परत गुंडाळ, मगच मशीनमध्ये घाल. तुझा शेजारी देईल त्या मशीनमध्ये नको, ते पट्टी खातं म्हणून तूच सांगितलं होतंस.

गणपतीला मी चिपळूणला येतोच आहे, पण तोवर धीर धरवत नाही. मोजून कळव. आठवं निघालं तर मामलेदारची मिसळ माझ्याकडून, दोन प्लेट, वर ताक. नववं निघालं तर तू ठाण्याला येऊन कचराळीच्या सगळ्या मंडळींसमोर कबूल करायचंस. आणि मोजताना वहिनींना शेजारी बसव. तुझ्या एकट्याच्या मोजण्यावर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

तुझा,
अव्या