गोळी बदलली की जेवणाचा नियमही बदलतो

माननीय संपादक,
स. न.

मी तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करते. रक्ताच्या कर्करोगाचे काही रुग्ण दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात, त्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रुग्ण ज्याला सरळ ‘सीएमएल’ म्हणतात, त्या कर्करोगाचा उपचार मुख्यतः घरी, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांवर चालतो. इमॅटिनिब या पहिल्या गोळीला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि या आजाराचे रूपच पालटले. पुढे १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीचा तिच्यावरचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय बनावटीच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. किमतीची ती लढाई मोठी होती. पण गोळी हातात पडल्यावर ती कशी घ्यायची, हे रुग्णाला मराठीत लिहून दिलेले मला क्वचितच दिसते. पाकिटावर इंग्रजी, आतल्या पत्रकावर इंग्रजी, आणि चिठ्ठीवर फक्त ‘१–०–१’.

इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्यासोबत घ्यायचे असते. रिकाम्या पोटी घेतले तर मळमळते, उलटी होते. रुग्ण हे लवकर शिकतात आणि ‘कॅन्सरची गोळी जेवूनच घ्यायची’ हे घरात पक्के होऊन बसते. पुढे कधी इमॅटिनिबचा गुण येईनासा होतो किंवा ते सोसत नाही, तेव्हा डॉक्टर काहींना निलोटिनिब देतात. आजार तोच, डॉक्टर तेच, पण जेवणाचा नियम अगदी उलटा. आपल्याकडे नेहमी मिळणाऱ्या निलोटिनिबच्या कॅप्सूल घेण्याआधी दोन तास आणि घेतल्यावर एक तास काहीही खायचे नसते. भरपूर तेल-तुपाच्या जेवणानंतर अर्ध्या तासाने ही कॅप्सूल घेतली तर रक्तात उतरणारे औषध ८२ टक्क्यांनी वाढते, असे तिच्या माहितीपत्रकातच नोंदलेले आहे. जास्त औषधाने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. काही रुग्णांचे अचानक मृत्यू झाल्याने अमेरिकेत या औषधावर ठळक चौकटीत इशारा छापला जातो. आपल्या रुग्णाला मात्र जुनी सवयच नवी गोळी घ्यायला शिकवते.

म्हणून मी काउंटरवर दिवसाचे वेळापत्रकच मांडून सांगते. पहाटे उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर पहिला डोस, मग तासभर दुधाचा चहासुद्धा नाही. दुसरा डोस साधारण बारा तासांनी, संध्याकाळी. त्याच्या दोन तास आधीपासून चहा-बिस्किटेही बंद, आणि रात्रीचे जेवण डोसनंतर तासाभराने. शेतावर जाणाऱ्या माणसाला हे जमते, पण कोणीतरी त्याच्याशी बसून बोलावे लागते.

डासाटिनिब या तिसऱ्या गोळीला जेवणाची अडचण नाही, अडचण आहे पित्ताच्या गोळीची. पोटातले आम्ल कमी झाले की डासाटिनिब नीट शोषले जात नाही. आपल्याकडे कुठल्याही आजारावर पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल सहज जोडून दिले जाते, लोक चिठ्ठीशिवायही मागून नेतात. अशाने महागडे औषध पोटात जाऊनही पुरेसे लागू पडत नाही आणि दोष आजाराला दिला जातो. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन यांतल्या तिन्ही औषधांची रक्तातली पातळी घटवते. म्हणून ताप, खोकला, दातदुखी, कशासाठीही दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तरी कर्करोगाच्या गोळीचे नाव आधी सांगायला हवे. काढे, चूर्णे, घरची मुळी-पाला हेही लपवू नये.

पत्रकात ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असे छापलेले असते. आमच्या रुग्णांनी ते फळ पाहिलेलेही नसते, म्हणून ती ओळ वाचूनही उपयोग नाही. त्याचे जवळचे भावंड म्हणजे आपले पपनस, आणि औषधाची पातळी वाढवणारी तसलीच द्रव्ये त्यातही असतात. पपनसाच्या दिवसांत कोकणातल्या रुग्णांना हे मुद्दाम सांगायला हवे.

दुसरी मोठी काळजी गोळ्या चुकण्याची. बरे वाटते, रक्ताचा रिपोर्ट चांगला येतो, मग उपवास किंवा लग्नाचा प्रवास आला की गोळी राहते. लंडनमध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की दहा टक्क्यांहून जास्त डोस चुकवणाऱ्यांचा आजार पुरेसा आटोक्यात येण्याची शक्यता फार कमी होते. दहा टक्के म्हणजे महिन्याला तीनच गोळ्या! उपवासाच्या दिवशी इमॅटिनिब फराळाबरोबर घेता येते. चुकलेला डोस भरून काढायला दोन एकदम मात्र घेऊ नयेत. काही निवडक रुग्णांची गोळी अनेक वर्षांनी थांबवताही येते, पण तो निर्णय डॉक्टरांनी तपासण्या पाहून घ्यायचा असतो.

फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या नियमांनुसार रुग्णाला समजावून सांगणे हे आम्हा फार्मासिस्टचे कर्तव्यच आहे. गर्दी असते, मनुष्यबळ कमी असते, हे मी रोज पाहते. तरीही कर्करोगाच्या गोळ्या हातात देताना पाच मिनिटे निघालीच पाहिजेत. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि कर्करोग रुग्णालयांनी प्रत्येक गोळीसाठी एक पानी मराठी सूचनापत्र तयार करून ते दुकानांपर्यंत पोहोचवावे. आणि डॉक्टरांना विनंती, की गोळी बदलताना चिठ्ठीवर जेवणाबद्दलची एक ओळ मराठीत स्वतःच्या हाताने लिहावी. ती वाचून दाखवायला आम्ही दुकानात आहोतच.

आपली,
एक फार्मासिस्ट वाचक
जि. सातारा