सर्किट कॉपी झालं म्हणजे आवाज आला असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या अ‍ॅनालॉग सिंथच्या (सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) इफेक्टवरचा लेख वाचला. लेख मस्तच आहे, पण सर्किटचा डायग्राम बघून पार्ट लावले की तोच जुना आवाज मिळतो हे काही पटलं नाही. नवरात्र जवळ आली की आपल्या बडोद्यात गरब्याच्या ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड, कोरस, इको सगळं बाहेर निघतं आणि हे वाचून पोरं सोल्डरिंगला बसणार, म्हणून लिहितोय.

रोलंड कंपनीच्या १९८२ च्या जुनो-६० सिंथचा कोरस (एकच सूर अनेकांनी वाजवल्यासारखा करणारा इफेक्ट) घ्या, किंवा त्या काळातला कुठलाही अ‍ॅनालॉग डिले, म्हणजे आवाज किंचित उशिराने ऐकवणारा इफेक्ट. आत बकेट ब्रिगेड चिप असते, १९६९ मधे फिलिप्समधे निघालेली आयडिया. आग विझवताना रांगेत बादल्या पुढे सरकवतात ना, तसा सिग्नल एका कपॅसिटरमधून (वीज साठवणारा छोटा पार्ट) दुसऱ्यात ढकलला जातो. एमएन३००७ या अशाच एका चिपमधे असे १०२४ टप्पे, क्लॉक (सिग्नल पुढे सरकवणारे ठोके) १०० किलोहर्ट्झ असेल तर डिले ५.१२ मिलीसेकंद, १० ला आणलं तर ५१.२. इथपर्यंत डायग्राम सांगतो. पण इनपुटला जो बायस, म्हणजे स्थिर व्होल्टेज द्यायचा तो चिपगणिक थोडा वेगळा, म्हणून बोर्डावर ट्रिमर (स्क्रूड्रायव्हरने फिरवून जमवायचा छोटा पार्ट) असतो, आणि फोटोत तो जसा फिरवलेला दिसतो तसाच आपणही ठेवला तर आवाज फाटतो नाहीतर येतच नाही. साइन वेव्ह (गुळगुळीत लहर) सोडायची, स्कोपवर (ऑसिलोस्कोप, लहरीचा आकार दाखवणारं यंत्र) बघत लेव्हल वाढवायची आणि वरचा-खालचा भाग सारखाच कापला जाईपर्यंत ट्रिमर हळूहळू फिरवायचा. स्कोप नसेल तर कानाने करा, दोन्ही टोकांना आवाज जातो, मधे कुठेतरी स्वच्छ येतो. काही बोर्डांवर दुसरा ट्रिमरही असतो, तो चिपच्या दोन आउटपुटचा बॅलन्स जमवून क्लॉकची शिट्टी दाबायला.

फेझरचं (आवाज गरगर फिरल्यासारखा करणारा इफेक्ट) दुखणं वेगळंच. त्यात लागणाऱ्या २एन५४५७ या एफईटीच्या (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) डेटाशीटमधे कटऑफ (ज्या व्होल्टेजला तो बंद होतो तो) उणे ०.५ ते उणे ६ व्होल्ट असा दिलाय, म्हणजे एकाच पुडीतले चार उचलून लावले तर चार तऱ्हेचे निघणार. मोजून जुळणारे चार निवडावेच लागतात, कंटाळवाणं काम आहे पण इलाज नाही.

आणि चिप घेताना जपा. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली "ओरिजिनल" चिप घासून वर नवा नंबर छापलेली निघाली. दुसरं म्हणजे एमएन३००७ च्या जागी एमएन३२०७ तशीच ठोकू नका, टप्पे तितकेच असले तरी पहिली उणे १५ व्होल्टवर चालणारी, दुसरी अधिक ५ वर, सप्लाय उलटाच!

हे आपल्याकडे अगदीच परकं आहे असंही नाही. शेजारी अहमदाबादला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने १९६९ मधेच मूग सिंथेसायझर आणून बसवला होता.

तर विनंती एवढीच की सयाजीरावांनी १८९० मधे सुरू केलेल्या कलाभवनाच्या आवारात नाहीतर कुठल्याही कॉलेजात आठवड्यातून एक संध्याकाळ ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटर बाहेरच्या मंडळींना वापरू द्यावा. स्कोप दरेकाला परवडत नाही, आणि "बिघडलं" म्हणून भंगारात जाणाऱ्या कितीतरी इफेक्टच्या डब्यांत फक्त ट्रिमर हललेला असतो नाहीतर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात. पुरवणीत यावर लिहिलंत तर कॉलेजवाले बहुतेक मनावर घेतील.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा