दात आंबवणारी बिअर: बंड्यास पत्र

ब्रसेल्स,
रविवार, ८ मार्च

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. "फोटो नको पाठवू, चव सांग" म्हणतोस. फोनवर सांगायला घेतलं तर मधेच हसून माझी वाट लावतोस, म्हणून सरळ लिहायलाच बसलो. बाहेर पाऊस आहे. इथला पाऊस म्हणजे आपल्याकडच्या पावसाची कोणीतरी पाणी घालून वाढवलेली आमटी. सकाळपासून पडतोय आणि धड भिजवतही नाही.

तर काल गेलो एकदाचा त्या बिअरच्या कारखान्यात. काँतियों नाव. मिडी स्टेशनवरून चालत दहा-पंधरा मिनिटं, आंदरलेख्त भागात, ग्योद नावाच्या साध्या गल्लीत. आजूबाजूला गॅरेजं, किराणा, वाळत घातलेले कपडे. मी दारावरून एकदा पुढे निघूनही गेलो. १९०० सालापासून तिथे बिअर करतायत आणि १९७८पासून त्याच जागेला संग्रहालयही म्हणतात. पण काचेच्या कपाटात ठेवलेलं काही नाही. यंत्रं जुनी आहेत आणि चालू आहेत. हातात एक माहितीपत्रक देतात आणि म्हणतात, जा, फिरून या. आपल्याकडे जुन्या गिरणीत पट्टे फिरायचे ना छताला, तसेच पट्टे.

आत पाऊल टाकल्या टाकल्या मला काय आठवलं असेल? तुमचा माळा. बारावीची सुट्टी. आपली करवंदांची बरणी.

आठवते ना? तीन किलो करवंदं, गूळ, वर आजीच्या जुन्या लुगड्याचं फडकं, आणि "वाइन होणार" म्हणून रोज वर चढून कान लावून बसायचो आपण. आठव्या दिवशी फसफसून सगळं तुळईवर उडालं. आजी खालून ओरडत आली, एक बोट बुडवलं, हुंगलं आणि म्हणाली, "ह्यां आंबूक नाय रे मेल्यांनो, नासलां!" तेव्हा तू मला विचारलं होतंस की दोन्हीत फरक काय. मला सांगता आलं नव्हतं. काल त्या कारखान्यात चार तास फिरलो ते, खरं सांगतो, त्या प्रश्नामागेच.

ही माणसं विरजण लावत नाहीत, बंड्या! जगभर बिअर करताना मोजून-मापून, डब्यातून आणलेलं यीस्ट घालतात. इथे पस्तीस टक्के गहू आणि पासष्ट टक्के माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली, बार्ली घेऊन काढा करतात, त्यात मुद्दाम जुनी, वास गेलेली हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं, घालून तासन्‌तास उकळतात. जुनी कशाला, तर हॉप्सचा कडूपणा नको आणि टिकवण्याचा गुण मात्र हवा. मग तो काढा वर चढवतात, छपराखाली. तिथे तांब्याचं एक उथळ ताट आहे. ताट म्हणजे खोलीएवढं. साडेसात हजार लिटर मावतात. भिंतींना झडपा. रात्रभर त्या उघड्या ठेवायच्या, काढा निवू द्यायचा आणि हवेतून जे पडेल ते पडू द्यायचं. जे पडेल तेच विरजण. उन्हाळ्यात नको ते जंतू फार असतात, म्हणून हे काम फक्त थंडीच्या महिन्यांत. अशा बिअरला लाम्बिक म्हणतात; ब्रसेल्स आणि त्याच्या आसपासचं सेन नदीचं (पॅरिसची नव्हे, इथली) खोरं हे तिचं घर.

सकाळी तो काढा पिंपांत जातो. ओकची पिंपं, काही चेस्टनटची. आधी त्यांत वाइन किंवा कोन्याक, म्हणजे फ्रेंच ब्रँडी, मुरलेली असते. मला वाटत होतं लाकडाचा वास लागावा म्हणून ओक. तसं नाही. पिंपं इतकी जुनी की लाकडाची चव केव्हाच संपलीय. लाकडाच्या छिद्रांतून थोडी थोडी हवा आत जाते आणि छिद्रांत जंतूंचं घर असतं, यासाठी ओक. आणि तरीही धुताना हयगय नाही: पिंपात गरम पाणी आणि लोखंडी साखळ्या टाकून यंत्रावर गरागरा फिरवतात. आजी लोणच्याची बरणी उकळत्या पाण्याने धुवून दोन दिवस अंगणात पालथी घालायची आणि आपण शिवलो तर पुन्हा धुवायची, तसलंच प्रकरण. आणि आपण? आपण ती बरणी हौदाच्या पाण्याने विसळली होती.

आता ऐक, ही खरी गंमत. पिंपात पहिल्या काही दिवसांत फेस उसळून भोकातून बाहेर येतो, म्हणून बूच लावतच नाहीत. (आपण फडकं दोरीने करकचून बांधलं होतं. तुझी आयडिया.) मग यीस्ट शांतपणे साखर खातं. मग लॅक्टिक आम्ल करणारे जंतू येतात, म्हणजे दह्या-ताकाच्या जातीचेच. आणि मग पुष्कळदा ती बिअर 'आजारी' पडते. हा इथलाच शब्द. तिला तार सुटते! हो, पावसाळ्यात दह्याला सुटते तशीच, बुळबुळीत, चमच्यामागे ओढली जाणारी. आपण असतो तर मोरीत ओतून मोकळे झालो असतो. हे लोक काही करत नाहीत. थांबतात. ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक हळुबाई यीस्ट असतं, ते काही महिन्यांत ती तार खाऊन टाकतं आणि बिअर पुन्हा निवळते, पहिल्यापेक्षा चांगली होऊन. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. मी पिंपांच्या मधल्या वाटेत उभा राहून विचार करत होतो की त्या दिवशी आजीचा निवाडा बरोबर होता का आठव्या दिवशीचा म्हणून तसा लागला. बहुतेक बरोबरच होता. तुळईवरचा तो वास विसरता येत नाही.

तिथे कोळिष्टकं झाडत नाहीत. पिंपांवर, खिडक्यांवर, जुन्या बाटल्यांवर जाळीच जाळी. फणस फोडला की जी चिलटं येतात ना, तीच उन्हाळ्यात इथे फळांवर येतात, आणि ती चिलटं कोळी खातात. औषध मारलं तर ते बिअरमध्ये उतरणार. म्हणून कोळी हे पगाराविना ठेवलेले कामगार. काकूंना हे सांग, माझ्या खोलीबद्दल पुन्हा काही बोलणार नाहीत.

आता फळ. इथे चेरीला क्रीक म्हणतात, आणि ती घालून केलेल्या लाम्बिकलाही. म्हणजे ही खाण्याची गोड चेरी नव्हे. लहान, काळपट, आंबटढाण. ब्रसेल्सला लागूनच शारबेक नावाचं गाव होतं, तिथल्या चेऱ्या प्रसिद्ध. गाढवांवर लादून शहरात विकायला आणायचे, म्हणून शारबेकला अजून 'गाढवांचं गाव' म्हणतात आणि तिथल्या लोकांना त्याचा राग नाही, उलट कौतुक आहे. आता ते शहरात बुडालं, झाडं थोडी उरली, आणि कारखान्यांना पुष्कळशी फळं बाहेरच्या देशांतून आणावी लागतात. आपल्या गोठ्यामागच्या करवंदीच्या जाळीचं काय झालं, ते तू लिहिलंयस. तेच.

जुलै-ऑगस्टात फळ आलं की अख्ख्या चेऱ्या, बियांसकट, वर्ष-दीड वर्ष मुरलेल्या लाम्बिकमध्ये टाकतात. लिटरला साधारण २०० ग्रॅम. फळातली साखर मिळाली की झोपलेलं यीस्ट पुन्हा जागं होतं आणि गर खात सुटतं. शेवटी पिंपात उरतात त्या बिया. मग बाटलीत भरताना थोडी कोवळी लाम्बिक घालतात. तिच्यातली साखर अजून शिल्लक असते, तिनेच बाटलीत बुडबुडे तयार होतात.

शेवटी पुढ्यात ग्लास आला. आधी त्यांनी साधी लाम्बिक चाखायला दिली, एका वर्षाची, फळाविना. फेस नाही, बुडबुडा नाही. बिअर म्हणून ओठाला लावलीस तर फसशील. पातळ ताकाची निवळ आणि गवताची गंजी, असं काहीतरी. मग क्रीक.

रंग कोकम सरबताचा. अगदी तोच, आगळात पाणी जरा जास्त पडलं की होतो तो. फेस गुलाबी, आला आणि गेला. वास घेतला तर चेरी पहिल्यांदा नाहीच! पहिल्यांदा ओलं गोणपाट, जुनं लाकूड, गोठ्याच्या कडेला भिजलेला पेंढा. बिअरवाले याला घोड्याच्या झुलीचा वास म्हणतात. मी जन्मात घोड्याची झूल हुंगलेली नाही, आणि तूही नाहीस. पण तुमच्या गोठ्यात पावसाळ्यात खाटेवर पडलेलं ते गोणपाट तुला माहीत आहे. तो. घाण नाही म्हणता येत, चांगलाही नाही म्हणता येत. त्यामागून हळूच फळाची साल, आणि सगळ्यात शेवटी कडू बदाम. तो बियांमधून येतो.

पहिला घोट घेतला आणि दात आंबले. कानशिलं आतून आवळली, एक डोळा मिटला. शेजारचं जोडपं माझ्याकडे बघून हसलं. साखर औषधालाही नाही, सगळी यीस्टने खाल्लेली. पण हा आंबटपणा विनेगरचा नव्हे, नाकात जाणारा. तो ताकाचा, जिभेवर पसरणारा. मागच्या महिन्यात ऑफिसातल्या लोकांबरोबर इथल्याच रुसेलार गावची एक तांबडी आंबट बिअर प्यायलो होतो. तिथे ओकची माणसाहून उंच अशी २९४ पिंपं आहेत. ती चांगली होती, पण तिचा आंबटपणा लोणच्याच्या व्हिनेगरकडे झुकणारा, आणि वर थोडा गोडवा. ही वेगळी.

दुसऱ्या घोटाला तुरटपणा आला. बंड्या, इथे मी ग्लास खाली ठेवला. करवंद! पिकलेलं काळं करवंद दाताखाली फोडलं की आंबटगोडाच्या मागून साल जिभेला जी धरते, ओठाला चीक लागून जे होतं, ते. चेरीची साल आणि जुनं लाकूड मिळून ते करतात बहुधा. तिसऱ्या घोटापर्यंत जीभ सरावली आणि मग कुठे फळ दिसायला लागलं. गोड नसलेलं फळ, म्हणजे चेरीतून गोडी काढून घेतल्यावर चेरीचं जे उरेल ते. मधे पाणी पिऊन बघितलं, आवळ्यासारखं गोड लागतंय का म्हणून. नाही लागलं. पण पुन्हा घोट घ्यावासा वाटला, लगेच.

शेजारच्या जोडप्यातल्या बाईंनी विचारलं, कशी वाटली? माझ्या इंग्रजीची गाडी 'सावर' आणि 'नाइस'च्या पुढे जाईना. डोक्यात मात्र आंबूस, आंबटढाण, तुरट, मुरलेलं, उतरलेलं अशी रांग लागली होती. मी त्यांना नुसता अंगठा दाखवला. मूर्ख दिसलो असेन.

एक इशारा. क्रीक म्हणून जे सगळीकडे मिळतं ते हे नव्हे. पहिल्याच आठवड्यात, मोठ्या चौकाजवळच्या एका दुकानात, मी उत्साहाने क्रीक मागवली होती. लालभडक, गोडमिट्ट; लहानपणी चमच्याने पाजायचे त्या खोकल्याच्या औषधात सोडा घातलेला. वर कागदी छत्रीही होती. त्यात साखर आणि रस घालून गोड केलेलं असतं. तेव्हापासून मी महिनाभर या नावाकडे फिरकलोच नव्हतो. लेबलवर 'औदे क्रीक', म्हणजे जुनी, असं लिहिलं असेल किंवा काँतियोंसारखं 'शंभर टक्के लाम्बिक', तर बघावं.

रास्पबेरीचीही चाखली, अर्धाच ग्लास. वास अप्रतिम, कोणीतरी नुकतं फूल चुरगळल्यासारखा, पण तोंडात गेल्यावर एवढं काही नाही. जर्दाळूची संपली होती. पुढच्या वेळी.

आजी कधी दारूच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, पण हुंगून निवाडा द्यायला तिची कधीच ना नसायची. तिच्या हातात हा ग्लास दिला असता तर गोणपाटाच्या वासाला नाक मुरडलं असतं, पुन्हा हुंगलं असतं, आणि काय म्हणाली असती हे मला खरंच ठरवता येत नाही. कालपासून दोन्ही बाजूंनी बोलून बघतोय.

मी १६ मेला मुंबईत उतरतोय. विमानतळावर दोन लिटरपर्यंत चालतं, म्हणून पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणतोय. एक तुझ्या वाटणीची, एक आपल्या दोघांच्या. जपून ठेवण्याचा शहाणपणा करू नकोस. फळाची चव बाटलीत वर्षागणिक विरत जाते. तोवर करवंदं संपली नसतील ना? थोडी काढून ठेव, घोटागणिक एक खाऊन बघायचं आहे, मला जे वाटलं ते खरं की घरची आठवण, ते तूच सांग.

काकूंना आणि वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
विन्या

ता. क. ती मोठी बरणी अजून आहे का? तडा गेलेली नको, दुसरी, निळ्या काठाची. नुसतं विचारतोय. आणि असली तर हौदाच्या पाण्याने विसळू नकोस.